जिथे विचारतील तिथे पाटी

मुंबईहून परतलेला माणूस थापा मारतो हे मी लग्न होऊन हातखंब्याजवळच्या ह्या वाडीत आले तेव्हापासून बघत आलेय. तिकडे गिरणीत झाडू मारणारा इथे मुकादम होतो आणि मुकादम असलेला थेट मॅनेजर. त्यामुळे माझे चुलत सासरे भागोजी गोताड तरुणपणी सिनेमाच्या गोष्टी लिहायचे असं नवऱ्याने सांगितलं, तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले. मी शाळामास्तरीण आहे, पोरांच्या थापा ऐकून माझे कान किटलेले असतात. त्यात म्हाताऱ्यांची भर कशाला?

पण सगळी वाडी ज्यांना आबा म्हणायची, त्या माणसाने स्वतःहून कधी बढाई मारली नाही. विचारलं तरच सांगायचे, तेही सुपारी कातरता कातरता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. हळूहळू माझं हसू गेलं आणि मी रोज संध्याकाळी शाळा सुटली की त्यांच्या ओटीवर जाऊन बसायला लागले.

आबा चौथी पास झाले आणि आगबोटीने मुंबईला चुलत्याकडे गेले. अक्षर मोत्यासारखं. दादरला एक सिनेमाची कंपनी होती, तिथे त्यांना पाट्या रंगवायला ठेवलं. तेव्हाचा सिनेमा मुका. माणसं तोंड हलवायची, हातवारे करायची, आणि मधेच चित्र थांबून पडद्यावर दोन ओळी यायच्या. त्या ओळी काळ्या फळीवर पांढऱ्या रंगाने लिहून त्यांचा फोटो घ्यायचा, तीच पाटी. काही दिवसांनी आबा पाटीवरचा मजकूर सुधारायला लागले, चार ओळींच्या दोन करायला लागले. एकदा शेठचा गोष्ट लिहिणारा माणूस भांडून निघून गेला, तेव्हा शेठ म्हणाले, तूच लिही. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, पुढची पाच-सहा वर्षं सिनेमाच्या गोष्टी लिहीत राहिला. त्याचं नाव पडद्यावर कधी आलं नाही, कारण ते यायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पाटी कुठे घालायची ह्याची त्यांची एक रीत होती. चित्र जोडून झालं की आधी बिनपाट्यांचं लावायचं, आणि समोर फाटकावरच्या भय्याला बसवायचं. त्या भय्याला कुठल्याच भाषेत वाचता येत नव्हतं. तो ज्या ठिकाणी विचारेल, "ये क्यों रोती है?" किंवा "ये कौन आया?" तिथे पाटी घालायची. विचारलं नाही तर घालायची नाही.

"गो नंदा, पाटी म्हंजे आपली हार," आबा मला म्हणाले. "चित्रातून कळलं नाय, म्हनून लिवायचं. ज्येच्यात पाट्या कमी, त्यो शिनेमा चांगला."

मग बोलपट आले. पाट्या गेल्या, पाट्या लिहिणारेही गेले. संवाद लिहायला मुन्शी लागले, त्यांची भाषा आबांना येत नव्हती आणि लिहायची इच्छाही झाली नाही. माणसं तोंड उघडून बोलायला लागली की गोष्ट आळशी होते, असं त्यांचं मत होतं. ते गिरणीत लागले, खातं सांभाळलं, निवृत्त होऊन गावी आले. कंपनी कधीच बुडाली होती. तिची सगळी चित्रं कुणीतरी भंगारात घातली, म्हणे फिल्मवरची चांदी काढायला. आबांच्या कामाचा एक तुकडासुद्धा कुठे उरला नाही.

आणि जनीकाकीने, त्यांच्या बायकोने, त्यातलं काहीच बघितलेलं नव्हतं. ह्याचं मला फार वाईट वाटायचं. त्या काळी घोव मुंबईला आणि बायको गावी शेतीला, हीच रीत. एकदा रत्नागिरीला तंबूतला सिनेमा आला होता, नेमका आबांनी लिहिलेला, पण सासूने जाऊ दिलं नाही. पुढे काकी एका बाळंतपणासाठी मुंबईला गेली तेव्हा सगळीकडे बोलपट लागले होते. आयुष्यभर ती म्हणायची, "ह्ये लिवायचे म्हंतात. मी काय बघितलेलं नाय."

उतारवयात काकीचे कान गेले. आधी एक, मग दुसरा. आबांना बायकोशी ओरडून बोलावं लागे. त्यांनी आंघोळीला पाणी मागितलं की वरच्या वाडीला कळायचं, आबा आंघोळीला चालले. पोरं नक्कल करायची, मीही हसायचे. पण एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. जे ओरडून बोलता येत नाही, ते त्या घरात बोललंच जात नव्हतं.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर वाडीत सत्यनारायणाच्या पूजेला हातखंब्याहून भाड्याने व्हिडिओ आणला. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, माझ्या शाळेच्या खिडक्यांना गोणपाटं लावून मारामारीचा सिनेमा सुरू झाला. काकी पुढे बसली होती. पाच मिनिटं झाली आणि तिने मोठ्याने विचारलं, "ह्यो त्येला मारतोय कशाला?" जरा वेळाने, "ही बाय कोन? मगाची ती न्हवं?" मागून पोरं ओरडली, गप्प गो म्हातारे. ते तिला ऐकू आलं नाही, तिने आणखी विचारलं. शेवटी कुणीतरी तिच्या खांद्याला धरून हलवलं, तेव्हा मात्र ती समजली आणि पदर सावरून उठली. मला इतका संताप आला की त्या पोराच्या पाठीत एक धपाटा घातला.

आबा भिंतीशी बसून होते. पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते काकीकडे बघत होते. घरी जाताना मला म्हणाले, "बघितलंस? सगळी येवडी बोलतात, आनि हिला कायपन कळत नाय. दर येळेला बरोब्बर जागी विचारते ही. माजा भय्या घरातच हाय, आनि माज्या ध्यानातच न्हवतं."

त्याच आठवड्यात काशीराम आला. काशीराम म्हणजे आमच्या नमनमंडळाचा पुढारी आणि सोंगाड्या. नमनात, म्हणजे आमच्या कोकणातल्या खेळात, आधी गण, गवळण, संकासुर, आणि उत्तरार्धात एक वग, म्हणजे नाटक, दरवर्षी नवं. रत्नागिरीला स्पर्धा होती आणि वग लिहायला माणूस मिळत नव्हता. दरवर्षी तो आबांना हात जोडायचा, दरवर्षी आबा नाही म्हणायचे. ह्या वर्षी हो म्हणाले. काशीराम इतका चकित झाला की चहा न घेताच पळाला.

वग साधा होता. मुंबईला जाणाऱ्या माणसाचा आणि गावी राहणाऱ्या त्याच्या बायकोचा. तालमी आबांच्या घरापुढच्या खळ्यात, रविवारी दुपारी. काकी ओटीच्या कडेला सूप घेऊन कुळीथ निवडत बसायची, आणि आबा तिच्या समोर. नट बोलत असायचे, गाणी चाललेली असायची, काकी मान वर करून बघायची आणि मधेच विचारायची, "ह्येनं पैशे घेतलंन की दिलंन?" लगेच आबा टाळी वाजवून तालीम थांबवायचे. परत करा. पैसे नीट दिसू देत. हात असा पुढे करा.

"आबा, वग आमचा हाय का काकीचा?" काशीराम वैतागायचा.

"तिला कळला की समद्यांना कळेल," आबा म्हणायचे.

एक प्रवेश मात्र त्यांनी खळ्यात कधीच बसवला नाही. त्याची तालीम माझ्या शाळेत, दार लावून. त्यात कुणीच बोलायचं नव्हतं, मृदंगसुद्धा बंद. नवरा मुंबईला निघालाय, बोटीची वेळ झालीय. त्याची एक वहाण सापडत नाही. बायको त्याच्याबरोबर शोधतेय, माळ्यावर, चुलीमागे, अगदी मनापासून. आणि प्रेक्षकांना तेवढं दिसतं की वहाण तिनेच भाताच्या कणगीत लपवलेली आहे. बाहेरून हाका येतात, हातानेच. शेवटी तो अनवाणी निघून जातो. ती कणगीतून वहाण काढते आणि हातात धरून उभी राहते. एवढंच. नवरा काशीराम, आणि बायको रघू, आमच्यात बाईचं सोंग त्याच्याइतकं कुणाला जमत नाही.

पहिल्यांदा बघितलं आणि माझे डोळे भरून आले. तालमीची माणसं गेल्यावर मी आबांना विचारलं, हे सुचलं कसं?

ते बाकावर बसले. "सुचलं नाय गो. झालं तसं लिवलं. लग्नानंतरची गोष्ट. वाना नव्या व्हत्या, मुंबईच्या. मी तसाच बोटीवर गेलो, अनवानी. पुडल्या मे महिन्यात आलो तर दोनी वाना खुंटीवर टांगलेल्या. म्हनाली, कुत्र्यानं नेलीवती एक, मंग गावली. बघतो तर अंगठ्याच्या वादीत भाताचं तूस अडकलेलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? घरात आय व्हती, भाऊ व्हते. मंग ऱ्हाऊनच गेलं. शिनेमात घातलं मी त्ये. भय्यानं कायपन विचारलं नाय. दुसऱ्या दिवशी त्येनं शेठकडं गावी जायला रजा मागितलीन." आबा हसले. "समद्या मुंबईनं बघितलं, हिनं नाय बघितलं. माला म्हायत व्हतं, ह्ये हिला म्हायत नाय."

"मग आता सांगा की," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं. हे कसं सांगायचं? अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात? आबांना ऐंशीला एक-दोन वर्षं कमी. त्यांना एवढंच हवं होतं की कान गेलेल्या बायकोला साठेक वर्षांपूर्वीची ती गोष्ट, कुणी न ओरडता, एकदा कळावी. स्पर्धेचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. मला मात्र त्या क्षणापासून दुसरं काही सुचेना.

स्पर्धेला आमचा नंबर भर दुपारी लागला. काकीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मांडवात पुढच्या रांगेत आबा, काकी आणि मी. गण झाला, गवळण झाली, वग सुरू झाला. काकी बघत होती आणि काहीही विचारत नव्हती. खळ्यातल्या तालमींचं चीज झालं होतं. मी आबांकडे बघितलं, ते ताठ बसले होते.

वहाणेचा प्रवेश आला. मृदंग थांबला. रघूने कणगीचं झाकण लावलं, काशीराम शोधायला लागला. मांडवात शांतता पसरली. पण ती शांतता लोकांना पेलेना. नमनात कुणी गप्प राहतं का कधी? मागून एकजण ओरडला, "इसरलास काय रं?" दुसरा म्हणाला, "अरे, कुनीतरी सांगा त्येला म्होरलं!" विंगेत बसलेल्या आमच्याच माणसाला वाटलं खरंच काहीतरी चुकलंय, त्याने मृदंगावर थाप मारली. काशीरामच्या कपाळावर घाम दिसला. आणि मग तो प्रेक्षकांकडे वळला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "गाववाल्यांनू, माजी वान कुनी बघितलीव काय?"

मांडव हसून फुटला. कुणीतरी पायातली चप्पल काढून रंगमंचावर भिरकावली. काशीरामने ती झेलली, मापून बघितली, "ही माज्या सासऱ्याची!" म्हणाला. आणखी चार चपला आल्या. लोक हसून गडबडा लोळायला लागले.

काकीला हसणं ऐकू येत नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की लोक उठून उभे राहिलेत, तोंडं वासलीत आणि नाटकावर चपला फेकतायत. ती ताडकन उठली. "ह्यांच्या नाटकाला वाना मारतात!" तिचा आवाज सगळ्या मांडवावर गेला. "काय केलंनी ह्यांनी तुमचं?" आणि आबांचा हात धरून ती त्यांना ओढतच बाहेर घेऊन गेली. लोकांना तीही गंमतच वाटली.

एसटीत ती पूर्ण वेळ आबांचा हात धरून होती. मधून मधून म्हणायची, "असुंदे. लोकांना अक्कल नाय." तिला खरं काय झालं ते सांगायचं तर भरल्या एसटीत ओरडावं लागलं असतं. आबा खिडकीबाहेर बघत राहिले. आपण हरलो असं त्यांच्या बायकोला वाटत होतं, आणि ते खरोखरच हरलेले होते, फक्त कारण वेगळं होतं. मला रडू आवरेना.

आमच्या वगाला दुसरा नंबर मिळाला. काशीराम ढाल घेऊन संध्याकाळी नाचतच आला. मी त्याला शाळेच्या पायरीवर गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तो आधी हसला, मग ऐकत राहिला.

"वैनी, ढाल मिळाली न्हवं?"

"आग लागो त्या ढालीला. काकीला तो प्रवेश बघायचा होता. तो तिच्यासाठी होता."

का, ते मी सांगितलं नाही. ते सांगणं माझं काम नव्हतंच. काशीराम खाली बसला. ढाल बाजूला ठेवलीन आणि म्हणाला, "मानसं गप झाली की माला भ्या वाटतं, वैनी. गप मानसं मयताला असतात. मी तोंड उघडायचं ठरवलं न्हवतं, त्ये आपसूक उघडलं." तो खोटं बोलत नव्हता. सोंगाड्याच्या घरात तीन पिढ्या, गप्प बसणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. माझा राग तिथेच अर्धा झाला.

आबांनी वगाचं नाव पुन्हा काढलं नाही. सुपारी कातरायचे, पण सांगायचे कमी. मी जायचे, बसायचे, उठून यायचे.

मग शिमगा आला. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, तिच्याबरोबर खेळे, म्हणजे आमचे नमनवालेच, असतात. ज्या घरी पालखी टेकते त्या खळ्यात ते थोडं खेळतात, घरधनी नारळ देतो, आणि पालखी उठली की त्या घरचे पुरुष तिच्यामागून पुढच्या घरी जातात. आबांकडे पालखी आली ती चार वाजताच्या उन्हात. काकीने ओटी भरली, देवीला गाऱ्हाणं घालून झालं, गोमूचं सोंग नाचलं. आता सोंगाड्याने पुढे येऊन चार शब्द बोलायचे आणि नारळ मागायचा, अशी रीत.

काशीराम पुढे आला. बोलला नाही. कनवटीची एक अख्खी सुपारी काढून सगळ्यांना दाखवलीन आणि तोंडात घातली. मग मृदंगवाल्याच्या हातावर हात ठेवून त्याने मृदंग थांबवला. रघू एक रिकामी कणगी उचलून घेऊन आला, सगळ्यांना दिसेल अशी एक वहाण तिच्यात लपवलीन, आणि मला कळलं.

आबा उभे होते ते खांबाला धरून उभेच राहिले. काकी ओटीच्या कडेला, नेहमीच्या जागी बसली.

काशीराम वहाण शोधायला लागला. गालात सुपारी, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, पण तोंडातून अक्षर नाही. ज्या माणसाने आयुष्यात कधी तोंड मिटलं नाही, तो गप्प आहे हे बघून खळ्यातली पोरंसुद्धा गप्प झाली. रघू त्याच्यामागून शोधत होता, चुलीमागे, माळ्यावर, इतक्या मनापासून, की कुणाला वाटावं हिला खरंच ठाऊक नाही. पुढच्या घरच्यांनी हाताने हाका मारल्या. काशीराम अनवाणी निघाला, एकदा मागे बघितलंन, आणि दगडी गडग्यापलीकडे गेला. रघूने कणगीतून वहाण काढली. वादीत बोट घालून काहीतरी उपटलंन, वर धरून बघितलंन. भाताचं तूस. ते आबांनीच कधीतरी बसवून घेतलं असणार.

मी काकीकडे बघत होते. आबासुद्धा तिच्याकडेच बघत होते, तिच्या ओठांकडे. ती काय विचारते त्याची आम्ही दोघं वाट बघत होतो.

काकी रघूकडे बघत राहिली, मग तिने मान वळवून आबांकडे बघितलं. तिचं तोंड लग्नातल्या मुलीसारखं लाल झालं होतं.

"तुमाला म्हायत व्हतं?" ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू बोलली ती, किंवा तिला तसं वाटलं असेल. सगळ्या खळ्याने ऐकलं.

आबांनी मान डोलावली.

काकीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "म्हायत व्हतं," ती म्हणाली, "मंग परत परत गेलाव कशाला?"

मी खाली बघितलं. इतकी वर्षं आबा ज्या प्रश्नाची वाट बघत होते, तो प्रश्न आला होता, आणि त्यावर घालायला त्यांच्याकडे दोन ओळीही नव्हत्या. गिरणी, पगार, भावांची लग्नं, हे सगळं तिलाही माहीत होतं. ते उत्तर नव्हतं.

गुरवाने पालखीला खांदा दिला. ढोल सुरू झाला, माणसं हलली, खळं रिकामं व्हायला लागलं. काशीरामने सुपारी थुंकली आणि गडग्यावरून हाक मारलीन, "आबा, चला! पालखी निघाली!"

आबा ओटीवरून उतरले. पायरीशी त्यांच्या वहाणा होत्या. मला वाटलं, ते घालतील आणि रीतीप्रमाणे पालखीमागे जातील. त्यांनी वाकून दोन्ही वहाणा उचलल्या, परत ओटीवर चढले, काकीच्या शेजारी बसले, आणि त्या तिच्या मांडीवर ठेवल्या.

काशीरामने पुन्हा हाक मारली. काकीला ती ऐकू गेली नाही. तिने वहाणा पदराखाली घेतल्या, आणि पुढे काहीच विचारलं नाही.